काठवटीचा ठसा

माझ्या बैठकीच्या खोलीत एक मुद्राचित्र टांगलेले आहे. सव्वा फूट व्यासाचे काळे वर्तुळ, कडेला फिकट होत गेलेले. त्यावर आडव्यातिडव्या असंख्य बारीक पांढऱ्या रेघा, मधूनमधून शिंपल्याच्या आकाराचे उथळ पांढरे डाग, आणि अगदी मध्यावर एकच धारदार, दीड इंच लांबीची रेघ. पाहुणे येतात, चहा होईपर्यंत त्याच्याकडे पाहत बसतात आणि विचारतात, "सर, हा चंद्र का?" एकदा नात्यातल्या एका चिमुरड्याने "ही जळालेली भाकरी आहे" असा निकाल दिला. मी त्याला जवळ घेतले, कारण आजवरच्या उत्तरांत त्याचे उत्तर सत्याच्या सर्वांत जवळ पोहोचले होते. ते चित्र म्हणजे माझ्या आईच्या काठवटीच्या पाठीचा ठसा आहे. आणि मधली ती धारदार रेघ म्हणजे माझ्या हातून झालेली चूक आहे.

त्या रेघेविषयी लिहावे असे बरीच वर्षे मनात होते. सत्तरीच्या उंबरठ्यावर आल्यावर माणसाने आपल्या चुकांची नोंद तरी नीट करून ठेवावी, म्हणून आज लेखणी उचलली आहे.

आमचे मूळ गाव वैजापूर तालुक्यातले. वडील मिशनच्या बोर्डिंगात सुतारकाम शिकले आणि पुढे जन्मभर तेच करीत राहिले. बैलगाडीची चाके, तिफणी, दारांच्या चौकटी, आणि गावातले कोणी देवाघरी गेले की कबरीवरचा लाकडी क्रूस. क्रुसाचे पैसे ते घेत नसत. त्यांच्या हत्यारांची पेटी आम्हा मुलांना वर्ज्य होती. पटाशीला हात लावला तर ते रागावत नसत, फक्त पटाशी काढून घेत आणि म्हणत, "ही काढते, परत लावत नाही. लावायला शिकलास की मग काढायला ये." तेव्हा त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला कळला नव्हता. आज तो पुरता कळला आहे असे म्हणण्याचेही धाडस होत नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी सोळा वर्षांचा होतो. विहिरी आटल्या, बैल विकले गेले, आणि ज्या गावात बैल उरले नाहीत त्या गावात बैलगाडीच्या सुताराला काम कोठले? आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. आम्ही तिला माय म्हणत असू. संध्याकाळी ती परतायची तेव्हा तिच्या पापण्यांवर दगडाची पांढरी भुकटी बसलेली असायची. त्या वर्षी रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याच्या पिठाला चिकटपणा नाही. भाकरी थापता थापता कडेने फाटायची. माय कढत पाणी घालून ते पीठ पुन्हापुन्हा मळायची. आमची जुनी परात तोवर मोडीत गेली होती. बांधावर एक जुनी बाभूळ वाळून उभी होती. वडिलांनी तिचा बुंधा आणला, कुऱ्हाडीने गोल केला, वाकसाने पोखरला आणि आठ-दहा दिवसांत काठवट तयार केली. आतून तिला इतकी घोटली की हात फिरवला तर रेशमासारखी लागावी. बाहेरून मात्र पटाशीचे घाव तसेच ठेवले. मी विचारले, "पाठ का नाही घोटली?" ते म्हणाले, "पाठ कोण बघतंय? पाठ जमिनीला."

पुढे चौतीस वर्षे ती काठवट आमच्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ जमिनीवर सरकत राहिली. आधी शेणाने सारवलेल्या भुईवर, मग शहाबादी फरशीवर. आतल्या बाजूने मायच्या तळहाताने झिजली, बाहेरच्या बाजूने जमिनीने. तिच्या पाठीवरही काही लिहिले जात आहे, हे आमच्या ध्यानीमनी नव्हते.

*

शाळा संपल्यावर मी तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय कला महाविद्यालयात शिकायला आलो. रंग महाग होते आणि माझ्या खिशात पैसे नव्हते, म्हणून मी मुद्राचित्रणाकडे वळलो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. काळी शाई, एक रूळ आणि कोरण्याजोगे काहीतरी, एवढ्यावर भागत असे. मुंबईत अंधेरीला राहून चित्तप्रसाद यांनी जन्मभर लिनोकट केले. गरिबांची चित्रे करणाऱ्याने गरिबाला परवडणारे माध्यम निवडले, हे वाचून मला आपल्या दारिद्र्याची लाज वाटेनाशी झाली.

ज्यांना ही कला परिचित नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. लाकडाच्या वा लिनोलियमच्या सपाट पृष्ठभागावर चित्र काढायचे. जो भाग पांढरा हवा तो कोरून काढायचा. उरलेल्या उंचवट्यावर रूळ फिरवून शाई लावायची आणि वर कागद ठेवून दाबायचे. कागद उचलला की चित्र मिळते, पण उलटे. डावे ते उजवे होऊन. म्हणून मुद्राचित्रकाराला उलटे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. मला ती सवय गुलमंडीजवळच्या एका छापखान्यातल्या जुळाऱ्याने लावली. शिशाचे खिळे जुळवताना तो उलटी अक्षरे आपण सुलटी वाचावीत त्या वेगाने वाचत असे. त्याच्याकडून मी उरलेली शाई घ्यायचो. तो म्हणायचा, "आरशासमोर बसून चित्र काढा, म्हणजे सुटाल." आजही मी ठसा कोरताना बाजूला छोटा आरसा ठेवतो.

या कलेचा दुसरा नियम अधिक कठोर आहे. रंगचित्रात चूक झाली तर वरून रंग चढवता येतो. मातीत चूक झाली तर माती पुन्हा लावता येते. कोरलेले मात्र परत भरता येत नाही. वडिलांचे वाक्य मला पहिल्यांदा आठवले ते वर्गात, नाकाऐवजी गाल कोरला गेला तेव्हा. १९८३ साली वडील गेले आणि त्यांची हत्यारांची पेटी माझ्याकडे आली. मी तेव्हा शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून लागलो होतो. त्या पेटीतल्या पाच पटाश्यांनी मी पुढचे सर्व काम केले.

लिनोलियम सहजी मिळत नसे, म्हणून जे मिळेल ते कोरून पाहण्याचा छंद जडला. जुन्या हवाई चपलेच्या तळव्यावर मऊसूत रेषा निघते, पण बारीक रेषा टिकत नाही. सायकलची ट्यूब कापून पुठ्ठ्यावर चिकटवली तर छान काळे, गोलसर आकार उमटतात. पुठ्ठ्यावर डिंक लावून त्यावर वाळू, गोणपाटाचे तुकडे, ज्वारीची पाने चिकटवली आणि वर लाखेचा हात दिला, तर त्या पृष्ठभागाचा ठसा मुरमाड शेतासारखा दिसतो. साबणाच्या वडीवर मी सहावीच्या मुलांना कोरायला शिकवले. बटाट्यांवर शिकवू लागलो तेव्हा दोन मातांनी शाळेत येऊन, घरातले बटाटे कोठे जातात याची चौकशी केली होती.

छापयंत्र नव्हते. कागदावर चमच्याची पाठ घासून ठसा घेण्याची जुनी रीत आहे, तीच चालवीत होतो. एकदा वाटले, दोन रुळांमधून दाबून काढणारे यंत्र तर शहरात चौकाचौकांत उभे आहे. उन्हाळ्याच्या एका दुपारी मी रसवंतीवाल्याला गाठले आणि उसाऐवजी माझा पुठ्ठा चरकातून काढायला सांगितला. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग घुंगरांच्या तालावर पुठ्ठा आत सरकवला. चरकाच्या रुळांना खाचा असतात याचा मला त्या क्षणापर्यंत विसर पडला होता. पलीकडून जे निघाले त्याला चित्र म्हणणे अवघड होते. शाई, उसाचा रस आणि कागदाचा चोथा यांचे ते मिश्रण पाहून तो भला माणूस म्हणाला, "मास्तर, याच्यात लिंबू पिळू का?"

अशा फजितीतून मी एक गोष्ट शिकलो. प्रत्येक वस्तूला स्वतःचे काही म्हणणे असते. चपलेचा तळवा, गोणपाट, चरकाचा रूळ, यांपैकी कोणीही कोरे पान नाही. त्यांच्यावर आधीच काही लिहिलेले असते, आणि आपण त्यावर आपले लिहायला जातो. हे मला समजले होते खरे. पण समजलेले हातात उतरायला फार वर्षे जावी लागतात.

*

या शहरात राहून कोरण्याचा विचार करायचा आणि वेरूळला जायचे नाही, हे शक्य नाही. दर वर्षी मी मुलांची सहल घेऊन तेथे जात असे. कैलास लेणे पाहताना मुले हत्ती मोजत आणि मी त्यांना वरच्या डोंगरकड्यावर नेऊन खाली पाहायला लावी. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे काम झाले. कारागिरांनी कड्याच्या माथ्यापासून तीन बाजूंनी चर खणत खाली येत येत मधला खडक मोकळा केला आणि त्या एकसंध बेसाल्टमधून कळसापासून पायथ्याकडे मंदिर काढले. मागची भिंत शंभर फुटांहून उंच आहे. सुमारे दोन लाख टन दगड बाहेर काढला असावा असा अंदाज सांगितला जातो. एकही दगड आणून बसवलेला नाही. जे आहे ते उरलेले आहे.

या मंदिराचा उल्लेख बडोद्याला सापडलेल्या, इ.स. ८१२-१३ मधल्या राष्ट्रकूट कर्कराजाच्या ताम्रपटात आहे. हे आपल्या हातून कसे घडले, याचे खुद्द शिल्पकारालाच आश्चर्य वाटले, अशा आशयाचे वर्णन त्यात आहे. मला त्या मजकुराइतकाच तो ज्यावर कोरला आहे त्या पत्र्याचा विचार खिळवून ठेवतो. आपल्या देशात शतकानुशतके तांब्याच्या पत्र्यांवर दानपत्रे कोरली गेली. अक्षरे खोल, सुबक, तांब्यात कायमची बसलेली. त्या अक्षरांत शाई भरून वर कागद दाबला असता तर छापील प्रत निघाली असती. पण पट हा एकाला द्यायचा होता; त्याची दुसरी प्रत कोणाला हवी होती?

ती हवी झाली तेव्हा हत्यार कोणाच्या हाती आले, हेही पाहण्यासारखे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता. त्याने आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात काही एतद्देशीय तरुणांना चित्रकलेचे शिक्षण दिले. त्यांतला गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा वेरूळची लेणी चितारायला आला. आडनावच त्याचा पिढीजात व्यवसाय सांगते. तांब्यावर ठोके घालणाऱ्यांच्या घरातला तो मुलगा. डोंगरातल्या काळोखात बसून त्याने काढलेली रेखाचित्रे आज परदेशातल्या संग्रहात आहेत. वेल्स १७९५ साली वारला. त्याने केलेल्या वेरूळच्या चित्रांवरून लंडनला टॉमस डॅनियलने १८०३ मध्ये ॲक्वाटिंट पद्धतीची छापील चित्रे प्रसिद्ध केली. म्हणजे दगडात कोरलेले लेणे पुन्हा एकदा तांब्याच्या पत्र्यावर उतरले आणि तेथून कागदावर गेले. दोनच वर्षांनी, १८०५ साली, आपल्या मिरजेला पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर देवनागरी अक्षरे उलटी कोरून भगवद्गीता छापली गेली. ज्या कोणा कारागिराने ती अक्षरे कोरली, त्याने वाडवडिलांचीच छिन्नी धरली होती. फक्त त्याला आरशातून पाहायला शिकावे लागले.

*

माय २००६ साली गेली. शेवटची दोन वर्षे ती माझ्याकडे होती आणि येताना काठवट घेऊन आली होती. तिच्या माघारी थोडेसे जे होते त्याची वाटणी करायला आक्का आली. आक्का माझी थोरली बहीण, गावीच दिलेली. तिने जाते घेतले. काठवटीकडे पाहून ती म्हणाली, "तुझ्या घरी स्टीलची परात आहे. तुला काय करायची ही?" मी म्हटले, "असू दे माझ्याकडे." तिने ती माझ्याकडे ठेवली. तिने विश्वासाने ठेवली होती, हे मी येथे मुद्दाम नोंदवतो.

त्याच सुमारास एका ग्रंथालयात मला क्लोद मेलाँ या फ्रेंच उत्कीर्णकाराच्या १६४९ मधल्या एका चित्राची प्रतिकृती पाहायला मिळाली. आपण तपःकाळात क्रूसाच्या वाटेची भक्ती करतो तेव्हा सहाव्या स्थानाशी थांबतो. वेरोनिकाने प्रभूचा चेहरा पुसला आणि तिच्या वस्त्रावर तो उमटला, ही ती कथा. मुद्राचित्रकाराला ही कथा आपल्या घरची वाटते. दाबाने उमटलेला चेहरा, चित्रकाराच्या हाताविना झालेला. मेलाँने ते वस्त्र आणि त्यावरचा चेहरा तांब्याच्या पत्र्यावर एकाच रेषेत कोरला आहे. नाकाच्या शेंड्यापासून ती रेषा सुरू होते आणि गोल गोल फिरत बाहेर जाते. कोठे जाड होते, कोठे बारीक. तेवढ्यातून डोळे, दाढी, काट्यांचा मुगूट, रक्ताचे थेंब उमटतात. रेषा कोठेही तुटत नाही. त्याच १६४९ साली इकडे गोव्यात फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाची दुसरी आवृत्ती निघत होती, तीही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे पाडणे तेव्हा साधले नव्हते. इकडे आपल्या भाषेला तिचे अक्षर छापून मिळत नव्हते आणि तिकडे एक माणूस एका रेषेत चेहरा कोरीत होता. कला आणि गरज यांची गाठ नेहमी पडतेच असे नाही.

त्या चित्राने मला झपाटले. मायचा चेहरा असाच एका रेषेत कोरायचा असे मी ठरवले. आणि त्यासाठी तिच्या काठवटीच्या पाठीखेरीज दुसरे लाकूड मला योग्य वाटेना. गोल आकार, गोल फिरत जाणारी रेषा, तिचीच वस्तू, तिचाच चेहरा. कल्पना इतकी नेटकी होती की तिच्याविषयी शंका यावी, पण ती आली नाही. चित्रकाराला नेटक्या कल्पनेइतकी दुसरी कशाची भीती बाळगायला नको.

मी काठवट पालथी घातली. आरशात पाहून पेन्सिलीने चेहरा काढला. रात्री वडिलांची सर्वांत बारीक गोल पटाशी घेतली आणि मधोमध, नाकाच्या शेंड्यापासून, सुरुवात केली. बाभूळ वाळून दगड झालेली होती. दीड इंच गेलो. एक कुरळी ढलपी निघाली आणि खाली ताजे, तांबूस लाकूड दिसले. पस्तीस वर्षांच्या काळ्या पडलेल्या पाठीवर ते ओल्या जखमेसारखे दिसले. मी पटाशी खाली ठेवली. उद्या पुढे जाऊ, असे स्वतःला सांगितले.

दुसऱ्या दिवशी आक्का दवाखान्याच्या कामासाठी शहरात आली आणि न कळवता घरी आली. टेबलावर पालथी काठवट, तिच्यावर पेन्सिलीने काढलेला मायचा चेहरा आणि मधोमध तो घाव. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबानं केलेली, मायनं झिजवलेली. तुला कोरायला गावात दुसरं लाकूड नव्हतं?" मी तिला मेलाँविषयी सांगू लागलो. आज ते आठवले की कानशिले तापतात. भाकरी थापणाऱ्या बाईला मी तिच्याच आईच्या काठवटीविषयी व्याख्यान देत होतो. ती चहा न घेता गेली. त्यानंतर तीन वर्षे ती माझ्या घरी आली नाही. सणावाराला मी गेलो तर ताट वाढायची, बोलायची नाही.

पेन्सिलीची रेघ मी पुसून टाकली. घाव पुसता येत नव्हता. काठवट खाटेखाली सरकवली.

*

२००९ च्या हिवाळ्यात मी पुन्हा मुलांना घेऊन वेरूळला गेलो. त्या दिवशी कैलासापाशी फार गर्दी होती, म्हणून आम्ही आधी उत्तरेकडच्या जैन लेण्यांकडे निघालो. तेथे एकतिसाव्या क्रमांकाचे लेणे अपुरे राहिलेले आहे. मार्गदर्शक तेथे थांबत नाहीत. मुले पुढे गेली आणि मी आत उभा राहिलो. घडवून झालेल्या मूर्तीपेक्षा अर्धवट राहिलेल्या दगडाजवळ कारागिराचा हात अधिक कळतो. छिन्नी कोणीकडून चालली, कोठे थांबली, हे तेथे उघडे दिसते. बाराशे वर्षांपूर्वी कोणा अनाम माणसाने शेवटचा ठोका घातला आणि हत्यार खाली ठेवले. पुढचे कोणी काही केले नाही, म्हणूनच त्याचा हात आजही तेथे आहे.

मला एकदम वडिलांची पटाशी आठवली. काठवटीच्या पाठीवर त्यांनी न घोटता ठेवलेले घाव. मी त्यांच्यावरून चेहरा काढला होता. मायचा चेहरा कोरण्यासाठी मी वडिलांचा हात आणि मायची चौतीस वर्षे, दोन्ही कोरून काढायला निघालो होतो.

सोमनाथ होर यांची 'जखमा' ही मुद्राचित्रमालिका मला पूर्वी पुस्तकांतून माहीत होती. १९७० नंतरच्या दशकातले ते काम. मातीच्या पाटीवर सुरीने, तापल्या सळईने घाव घालायचे, त्याचा सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यावर कागदाचा ओला लगदा दाबायचा. शाईचा थेंब नाही. पांढऱ्यावर पांढऱ्या जखमा. बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेल्या त्या चित्रकाराने शेवटी चेहरे, माणसे सगळे सोडून देऊन नुसती जखम ठेवली. एकेकाळी मला ते काम कोरडे वाटे. आपल्या घरात एक घाव झाकून ठेवल्यावर ते मला वाचता येऊ लागले.

परतताना बस कागजीपुऱ्याला थांबवली. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामधले हे गाव. तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली तेव्हापासून तेथे हातकागद होतो, असे सांगतात. सुती चिंध्यांचा लगदा, पाण्याची टाकी आणि चाळणीची चौकट. कारागीर चौकट बुडवतो, हलवतो, उचलतो आणि पाण्यातून कागद वर येतो. मी त्यातल्या त्यात पातळ असे दोन ताव घेतले. कारागिराने विचारले, "काय छापणार?" मी म्हटले, "काठवट." त्याने मान हलवली. चिंध्यांचा कागद करणाऱ्याला त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

त्या रात्री काठवट बाहेर काढली. पटाशीला हात लावला नाही. धूळ झटकली, ओल्या फडक्याने पाठ पुसली, वाळू दिली आणि रुळाने शाई लावली. कागद किंचित दमट करून वर ठेवला आणि चमच्याच्या पाठीने मध्यापासून कडेकडे घासत गेलो. मेलाँची रेषा जशी फिरते तसा चमचा फिरत होता. पाऊण तास लागला. कागद उचलला तेव्हा मी जे पाहिले त्याची मला अपेक्षा नव्हती. वडिलांचे घाव शिंपल्यांसारखे पांढरे उमटले होते, सर्व एकाच दिशेने, डावखुऱ्याने घातल्यासारखे, कारण ठशात उजवे ते डावे होते. फरशीवर सरकून पडलेले चरे वर्तुळात फिरत होते. माय पीठ मळताना काठवट जराशी फिरवीत असे, हे मला तोवर माहीतच नव्हते. कडा झिजून खाली गेल्या होत्या, तेथे शाई पोहोचली नव्हती. आणि मध्यावर माझी दीड इंचाची रेघ. तिच्या कडा इतक्या स्वच्छ होत्या की बाकीच्या सगळ्या रेघांत तीच परकी वाटत होती. ती झाकण्याचा एक मार्ग होता. तेथे शाईचा हलका हात देऊन काळे करता आले असते. ते केले नाही.

दुसरा ताव कोरा ठेवला. मुद्राचित्राखाली प्रतींची संख्या आणि चित्रकाराची सही पेन्सिलीने करण्याचा प्रघात आहे. मी डावीकडे १/१ असे लिहिले. सही करताना हात थांबला. वडिलांनी घडवलेले, मायने झिजवलेले. त्यात माझे एवढेसेच. चित्र आजही सहीविना आहे.

*

पुढच्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मी गावी गेलो. कबरींवर फुले घातली, मेणबत्त्या लावल्या. वडिलांच्या कबरीवरचा क्रूस त्यांनीच स्वतःसाठी करून ठेवलेला होता. तेथून आक्काच्या घरी गेलो. काठवट आणि गुंडाळलेला कागद, दोन्ही बरोबर नेले होते.

तिने कागद पाहिला. बराच वेळ पाहिला. शिंपल्यांवर बोट ठेवून म्हणाली, "हे बाबाचं." फिरत्या चऱ्यांवर हात फिरवला आणि काही बोलली नाही. मग मधल्या रेघेवर बोट ठेवून विचारले, "आन् हे?" तिला ठाऊक होते. तरी तिने विचारले आणि तरी मी सांगितले, "हे माझं."

"चित्र तुझं तुझ्यापाशी राहू दे," ती म्हणाली. "काठवट इथं ठेव."

मी तिला सांगितले की शाई काढण्यासाठी मी ती रॉकेलने धुतली आहे. पाठीकडूनच, पण वास लाकडात मुरला आहे. आता तिच्यात भाकरी करता येणार नाही. हे सांगणे मला घावापेक्षा जड गेले. मुद्राचित्रकाराने ठशाच्या लाकडाचे पुढे काय होते याचा कधी विचार केलेला नसतो. प्रत निघाली की ठसा कोपऱ्यात जातो. ही काठवट कोपऱ्यात जाण्यासाठी झालेली नव्हती. आक्काने ती उचलून नाकाशी नेली, तोंड वाकडे केले आणि चुलीशेजारच्या भिंतीला टेकवून ठेवली. मग तिने चहा टाकला. आम्ही दोघांनी घेतला.

त्यालाही आता बरीच वर्षे झाली. २०१४ मध्ये मी निवृत्त झालो. ठसे कोरणे चालू आहे, पण एखादी वापरलेली वस्तू हाती आली की आधी तिचा आहे तसा ठसा घेतो. पुष्कळदा मग कोरायची गरज उरत नाही. शाळा सोडल्यावरही काही मुले शिकायला येतात. त्यांना पटाशी हातात देण्यापूर्वी मी एक जुना पाट देतो आणि त्याचा ठसा काढायला सांगतो. त्यांना ते कंटाळवाणे वाटते. मी त्यांना वडिलांचे वाक्य सांगत नाही. ते सांगून कळत नाही.

गेल्या वर्षी आक्काकडे गेलो तेव्हा काठवट भिंतीला टेकलेली नव्हती. ओसरीवर होती आणि तिच्यात सोललेल्या लसणाच्या पाकळ्या होत्या.

"रॉकेलचा वास गेला का गं?" मी विचारले.

"गेला की," ती म्हणाली. "लसणानं गेला."

मी काठवट उलटून पाहिली नाही.